जुन्या फ्लॅटची जाहिरात लिहिताना कोणते शब्द ठेवावेत आणि कोणते काढावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्वेनगरमध्ये 1996 साली बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आपल्या आई-वडिलांचा टू बीएचके फ्लॅट आहे. वडील आता हयात नाहीत, आई आपल्याकडे बाणेरला राहायला आल्या आहेत आणि फ्लॅट विकायचा आहे. एजंटने लिहून दिलेला मजकूर आपल्याला खटकतो, पण सगळे खरे लिहिले तर कोणी फिरकणारच नाही अशी भीतीही वाटते. विक्री लांबली तर फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे आणि त्या जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ असे घालावे, असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे.

कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे या भागांत जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीचे काम मी 22 वर्षे करते आहे आणि माझ्याकडे आलेल्या प्रत्येक घराच्या जाहिरातीचा मजकूर आजही स्वतः लिहिते. आपण पाठवलेला मजकूर असा आहे: ‘कर्वेनगरच्या मोक्याच्या जागी आलिशान, प्रशस्त टू बीएचके, 900 चौ. फूट, मेट्रो 5 मिनिटांवर, शाळा-कॉलेज-मार्केट हाकेच्या अंतरावर, रीडेव्हलपमेंट लवकरच, गुंतवणुकीची सुवर्णसंधी, त्वरा करा.’ या मजकुरातून आपल्या फ्लॅटचे चित्र उभे राहत नाही. ‘कर्वेनगर’ काढून ‘धायरी’ घातले तरी तो तसाच चालेल आणि वाचणाऱ्यालाही ते लगेच कळते, कारण घर शोधणारा माणूस एका बैठकीत अशा चाळीस जाहिराती वाचत असतो. ‘आलिशान’ आणि ‘सुवर्णसंधी’ या शब्दांवरून त्याची नजर घसरते. ती थांबते मजला, क्षेत्रफळ, पार्किंग, पाणी आणि किंमत यांवर, म्हणजे नेमक्या त्याच गोष्टींवर ज्यांविषयी या मजकुरात एकतर काही लिहिलेले नाही किंवा चुकीचे लिहिलेले आहे.

जाहिरातीने फ्लॅट विकला जात नाही. फ्लॅट विकला जातो तो माणूस दारातून आत येऊन दोनदा सगळ्या खोल्या फिरतो तेव्हा. जाहिरातीचे काम एवढेच की ज्यांना हे घर खरोखर चालेल असे आठ-दहा जण जिना चढून वर यावेत आणि ज्यांना ते चालणारच नाही त्यांनी घरूनच निर्णय घ्यावा. एकदा हे मान्य केले की आकर्षक लिहायचे की खरे लिहायचे हा पेच बराचसा सुटतो.

क्षेत्रफळापासून सुरुवात करते, कारण पुण्यात सर्वांत जास्त वाद त्यावरूनच होतात. आपल्या एजंटने लिहिलेले 900 चौ. फूट हे ‘सेलेबल’ आहे, म्हणजे घराबरोबर जिन्याचा आणि सामाईक जागेचा वाटाही त्यात धरला आहे. आपल्या जुन्या करारनाम्यात 800 चौ. फूट ‘बिल्टअप’, म्हणजे भिंती धरून, लिहिलेले आहे. आपण स्वतः टेपने मोजलेले कार्पेट, म्हणजे घराच्या आतले वापराचे क्षेत्रफळ, 640 भरले आहे. तिन्ही आकडे आपापल्या जागी कुठून ना कुठून आलेले आहेत, पण माणूस राहतो तो कार्पेटमध्ये. 2016 च्या रेरा कायद्याने, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने, कार्पेटची व्याख्या पक्की केली आहे: बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि खुली टेरेस वगळायची, आतल्या भिंती मात्र धरायच्या. आपली इमारत त्या कायद्याच्या फार आधीची असली तरी आज खरेदीदाराच्या डोक्यात हीच व्याख्या असते, म्हणून आपणही तीच वापरावी आणि टेरेसचे क्षेत्रफळ वेगळे लिहावे. समजा आपली अपेक्षा 96 लाखांची आहे. 900 ने भागले तर चौरस फुटाचा दर साधारण 10,667 रुपये दिसतो आणि 640 ने भागले तर 15,000 रुपये. पहिला आकडा पाहून आलेला माणूस हॉलमध्ये उभा राहून मनातल्या मनात दुसरा हिशेब करतो, आणि तो जुळला नाही की त्यानंतर आपण पाण्याविषयी, शेजाराविषयी जे काही सांगाल त्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. घासाघीस तिथूनच सुरू होते, आणि ती विकणाऱ्याच्या तोट्याची असते.

लिफ्टचा उल्लेख टाळण्याचा सल्ला आपल्याला दिला गेला आहे. सुरुवातीच्या काळात मीही एका घराच्या बाबतीत तेच केले होते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता, लिफ्ट नव्हती आणि मी जाहिरातीत फक्त ‘हवेशीर, वरचा मजला’ असे लिहिले. रविवारी सकाळी एक निवृत्त शिक्षक पत्नीसह रिक्षाने आले. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन काही महिनेच झाले होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कठडा धरून पायरीवर बसले. त्यांच्या पत्नी वर आल्या, घर पाहिले, ते त्यांना आवडलेही, आणि खाली जाताना त्या फक्त एवढेच म्हणाल्या, ‘ताई, लिफ्ट नाही हे फोनवर सांगितलं असतं तर ह्यांना आणलं नसतं.’ त्या दिवसापासून मी पायऱ्या मोजते. ‘दुसरा मजला, लिफ्ट नाही, 34 पायऱ्या’ असे लिहिले की ज्याला जमणार नाही तो येत नाही, आणि तिशी-पस्तिशीतल्या जोडप्याला 34 पायऱ्या म्हणजे काहीच नसते. उलट लिफ्ट नसल्याने मेंटेनन्स कमी आहे, हेही त्याच वाक्यात लिहिता येते. फक्त तो आकडा खरा हवा आणि महिन्याचा हवा.

अंतराच्या बाबतीत ‘हाकेच्या अंतरावर’ आणि ‘5 मिनिटांवर’ हे दोन शब्दप्रयोग मी कायमचे सोडून दिले आहेत. कर्वेनगरहून मेट्रो पाच मिनिटांवर नाही, हे पुण्यात राहणाऱ्या कोणालाही कळते. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका कर्वे रस्त्याने जाते आणि आपल्याला नळस्टॉपपर्यंत तरी यावे लागते. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास इमारतीच्या फाटकातून घड्याळ लावून निघा आणि किती वेळ लागतो ते लिहा: ‘नळस्टॉप मेट्रो स्थानक सकाळच्या गर्दीत दुचाकीने 12 मिनिटे.’ हीच मोजणी चालत जाण्याच्या ठिकाणांसाठी करा. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा परिसर आपल्याकडून चालत नऊ मिनिटांवर असेल, तर हे एक वाक्य ‘शाळा-कॉलेज जवळ’ यासारख्या दहा मोघम वाक्यांपेक्षा जास्त काम करील, कारण मुलीच्या शिक्षणासाठी घर पाहणाऱ्या कुटुंबाला त्यात स्वतःची रोजची सकाळ दिसते. किराणा, भाजी, दवाखाना, पीएमपीचा थांबा, एवढे पुरे. जितके अंतर कमी तितके ते चालत सांगा आणि मिनिटांत सांगा.

आकर्षक लिहिणे म्हणजे विशेषणे जोडणे, असा समज झाला आहे. माझ्या अनुभवात मन खेचून घेतो तो तपशील, आणि तो घरात बसून राहिल्याशिवाय सापडत नाही. जाहिरात लिहिण्याआधी मी मालकांकडून किल्ली घेऊन त्या घरात दोन वेगवेगळ्या वेळी तास-तासभर बसते. आपल्या फोटोंमध्ये हॉलला लागून असलेली टेरेस दिसते आणि सकाळचे ऊन थेट आतल्या सोफ्यापर्यंत आलेले आहे. कोपऱ्यात आईंनी लावलेली मोगऱ्याची आणि गवती चहाची कुंडी आहे. ‘प्रशस्त, हवेशीर’ यापेक्षा ‘हॉलला लागून 88 चौ. फूट पूर्वेकडची टेरेस, सकाळी साडेनऊपर्यंत ऊन, दुपारनंतर सावली’ हे वाक्य लिहा. ज्याला कुंड्या ठेवायच्या आहेत, ज्याच्या घरी तान्हे बाळ आहे, ज्याचे वडील सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसतात, त्या प्रत्येकाला त्यातून आपापला अर्थ लागतो. मात्र ऊन किती वाजेपर्यंत असते हे खरोखर पाहून लिहा, आणि फोटो डिसेंबरमधला असेल तर मे महिन्यात काय होते तेही आईंना विचारून घ्या. वायव्येच्या बेडरूमची भिंत उन्हाळ्यात तापत असेल तर भेटीच्या वेळी ते सांगावे. जाहिरातीत लिहिलेच पाहिजे असे नाही.

इथे एक सीमारेषा स्पष्ट करते, कारण ‘सगळे खरे लिहिले तर’ ही आपली भीती तिच्याशी जोडलेली आहे. घरातली प्रत्येक उणीव जाहिरातीत लिहिण्याची गरज नाही. पण जी गोष्ट कळली असती तर माणूस आलाच नसता, ती जाहिरातीतच हवी; आणि जी पाहून कळत नाही पण व्यवहारावर परिणाम करते, ती विसार घेण्याआधी सांगितलीच पाहिजे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने शोधता येणार नाही असा महत्त्वाचा दोष, मग तो मिळकतीतला असो की मालकी हक्कातला, उघड करणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. बाथरूमच्या मागच्या भिंतीतली जुनी गळती रंगाखाली झाकून विकणे या कलमात बसते. कर्वेनगर, सिंहगड रस्ता, डेक्कन या मुठेच्या काठच्या भागांत पुराचा प्रश्नही याच वर्गातला आहे. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरल्यापासून खरेदीदार तो आवर्जून विचारतात. आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कधी पाणी आले आहे का, हे सोसायटीतल्या जुन्या रहिवाशांकडून खात्री करून घ्या. आले नसेल तर ते लिहिण्यासारखे आहे. आले असेल तर ‘नदीकाठचा निसर्गरम्य परिसर’ हा शब्दप्रयोग त्या जाहिरातीत अजिबात नको.

आता ‘रीडेव्हलपमेंट लवकरच’ याविषयी, कारण आपल्या मजकुरातले सर्वांत धोकादायक शब्द हे आहेत. जुन्या कोथरूड-कर्वेनगरमध्ये आज अनेक खरेदीदार घर न घेता पुढे मिळणारे वाढीव क्षेत्रफळ घेत असतात, आणि या दोन शब्दांवर ते काही लाख रुपये जास्त मोजायला तयार होतात. म्हणून त्या शब्दांचा नेमका अर्थ लिहिणे हे आपले कर्तव्य आहे. नुसती चर्चा, सर्वसाधारण सभेत झालेला ठराव, विकसकाची निवड, नोंदणीकृत विकसन करार आणि महापालिकेची बांधकाम परवानगी, या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत वर्षे जाऊ शकतात. राज्य शासनाने 4 जुलै 2019 च्या निर्णयाने सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिलेली आहे, त्यामुळे आपली सोसायटी त्यात कुठे उभी आहे हे सचिवांकडून एका वाक्यात समजून घेता येते. आपण कळवल्याप्रमाणे आतापर्यंत एका सभेत विषय निघाला आहे, ठराव झालेला नाही. तेव्हा जाहिरातीत एकतर काहीच लिहू नका, किंवा ‘पुनर्विकासाबाबत ठराव झालेला नाही’ असेच लिहा. मी दुसरा पर्याय निवडते, कारण विचारणा होणारच असते.

या उलट, जे लिहायला हवे ते आपल्या एजंटने सोडून दिले आहे. आपल्या सोसायटीचे कन्व्हेयन्स झालेले आहे, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे. इमारतीला कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला, मिळालेले आहे. मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) हाताशी आहे, आणि फ्लॅटवर कर्ज नाही. जुन्या इमारतींच्या बाजारात ही चार वाक्ये सोन्यासारखी आहेत. बँकेचे कर्ज काढून घेणाऱ्याच्या दृष्टीने तर हीच खरी सुंदर भाषा आहे. ‘टायटल क्लिअर’ असे नुसते लिहून हे कळत नाही, कारण ते प्रत्येक जण लिहितो. वडिलांच्या पश्चात आपण, आपला भाऊ आणि आई असे तिघे वारस असल्याने ‘सर्व वारस विक्रीस सह्या करणार आहेत’ हेही लिहा, अर्थात भावाशी तसे स्पष्ट बोलणे झाल्यावरच.

पार्किंगचा शब्दही जपून वापरावा. ‘मालकीचे कव्हर्ड पार्किंग’ असे आपल्या मजकुराच्या दुसऱ्या मसुद्यात आहे. इमारतीखालच्या खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात म्हटले आहे. आपल्या इमारतीत सोसायटीने वाटप करून दिलेली एक चारचाकीची जागा आहे, म्हणून ‘सोसायटीने दिलेले एक चारचाकी पार्किंग’ असे लिहा आणि ते वाटप नव्या सभासदाकडे तसेच राहते का, हे सचिवांकडून लेखी घ्या.

रेराचा क्रमांक जाहिरातीत लागतो का, असेही आपण विचारले आहे. आपल्यासारख्या स्वतःच्या जुन्या फ्लॅटच्या विक्रीला तो लागत नाही. नोंदणीस पात्र असलेल्या नव्या प्रकल्पाची जाहिरात मात्र नोंदणी झाल्याशिवाय करताच येत नाही. त्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता द्यावा लागतो, 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे, आणि जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला रेरा कायद्याच्या कलम 12 खाली भरपाई किंवा व्याजासह परतावा मागता येतो.

आता भाड्याच्या जाहिरातीकडे वळते. या बाबतीत माझे मत ठाम आहे आणि ते शेजाऱ्यांना आवडणार नाही. जाहिरातीत घराचे वर्णन करावे, घरात कोण यावे याचे नव्हे. ‘फक्त शाकाहारी’, ‘अमुक समाजास प्राधान्य’, ‘बॅचलर क्षमस्व’ असे शब्द आपल्याकडच्या छोट्या जाहिरातींत इतकी वर्षे छापले गेले की ते टोचेनासे झाले. पण ते वाचणाऱ्याला टोचतात. लातूरहून किंवा नांदेडहून पहिल्या नोकरीसाठी आलेल्या मुलीला सातव्या घरमालकाने आडनाव विचारून फोन ठेवल्यावर ती माझ्या कार्यालयात बसून रडलेली मी पाहिली आहे, आणि तिच्याकडे तीन महिन्यांचे डिपॉझिट आणि पगाराची पावती दोन्ही होते. खासगी घरमालकाने भाडेकरू निवडताना काय करू नये याविषयी आपल्याकडे एकच सर्वसमावेशक कायदा नाही, हे खरे आहे. पण 2017 चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा आणि 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा या दोन्हींत घर भाड्याने घेण्याच्या हक्काबाबत भेदभावाला स्पष्ट मनाई आहे. कायदा जिथे पोहोचत नाही तिथेही आपण काय लिहितो याची जबाबदारी आपलीच राहते.

शेजाऱ्यांची खरी काळजी काय आहे ते समजून घ्या. ती बहुधा रात्रीचा गोंगाट, जिन्यातला कचरा आणि सतत बदलणारी माणसे यांची असते. त्या प्रत्येकीवर अट घालता येते आणि ती सर्वांना सारखी लागू होते: ‘जास्तीत जास्त चार व्यक्ती, एक चारचाकी, 11 महिन्यांचा नोंदणीकृत करार, सोसायटीचे नियम बंधनकारक, रात्री दहानंतर शांतता, डिपॉझिट तीन महिन्यांचे.’ करार लेखी आणि नोंदणीकृत असणे हे 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा ते वाक्य जाहिरातीत असल्याने आपलेही काम सोपे होते.

वरील सगळे विचारात घेऊन विक्रीचा मजकूर मी असा लिहीन. आकडे आपण पाठवलेले आहेत, ते एकदा पुन्हा तपासून घ्या.

‘कर्वेनगर, रहदारी नसलेल्या गल्लीत टू बीएचके विकणे आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, 34 पायऱ्या. कार्पेट 640 चौ. फूट (59.5 चौ. मी.), शिवाय हॉलला लागून 88 चौ. फूट पूर्वेकडची टेरेस. सकाळी साडेनऊपर्यंत ऊन, दुपारनंतर सावली. 1996 ची इमारत, 12 फ्लॅट, कम्प्लिशन व कन्व्हेयन्स झालेले. महापालिकेचे पाणी सकाळी, शिवाय वापरासाठी बोअर. सोसायटीने दिलेले एक चारचाकी पार्किंग. नळ व वायरिंग 2019 मध्ये बदलले आहे. किचन ओटा जुना, कडाप्प्याचा. कर्वे शिक्षण संस्था चालत 9 मिनिटे, नळस्टॉप मेट्रो सकाळच्या गर्दीत दुचाकीने 12 मिनिटे. फ्लॅटवर कर्ज नाही, मूळ कागदपत्रे उपलब्ध, सर्व वारस सह्या करणार. पुनर्विकासाबाबत ठराव झालेला नाही. अपेक्षा 96 लाख, बैठकीत बोलता येईल. पाहण्याची वेळ शनिवार-रविवार सकाळी 9 ते 12.’

ओटा जुना आहे हे मी मुद्दाम लिहिले आहे. दुरुस्तीचा खर्च खरेदीदाराने येण्याआधीच धरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष ओटा पाहून तो पुन्हा किंमत पाडत नाही. पाहण्याची वेळही सकाळचीच ठेवली आहे, कारण टेरेसविषयी जे लिहिले आहे ते त्याच वेळी दिसते. फोटो काढताना खोली मोठी दिसावी म्हणून रुंद भिंगाचा वापर करू नका. दारात उभे राहून छातीच्या उंचीवरून साधा फोटो काढा आणि टेरेसचा फोटो पहिला ठेवा.

‘तातडीने विकणे आहे’ हे शब्द कोणी कितीही सुचवले तरी घालू नका, त्यातून गरज दिसते आणि पहिलाच माणूस दहा लाख कमी सांगतो. जाहिरात लावल्यावर येणारे प्रश्न एका वहीत लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात तीन जणांनी एकच गोष्ट विचारली तर तिचे उत्तर मजकुरात घाला, आणि विसार घेतला त्याच दिवशी जाहिरात काढून टाका, म्हणजे रविवारी सकाळी कोणी उगाच त्या 34 पायऱ्या चढून येणार नाही.